गुड अपेटाइट, साउंड स्लीप

दिवसभर राबून पाय सुजलेत, घरी जाणारी बस वीस मिनिटांवर आलीय, आणि अशा वेळी कुणी हातात कागद देऊन म्हटलं, की एवढं जरा इंग्रजीत लिहून दे, तर माणूस काय करेल? वाचकहो, तुम्ही-आम्ही काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. काल जे शब्द लिहिले तेच आज लिहितो, खाली सही ठोकतो आणि सुटतो. कागद भरला की काम झालं, अशी आपली रीत. तो कुणी वाचणार नाही, याची आपल्याला खात्रीच असते. ही गोष्ट अशाच एका कागदाची आहे. खरं तर कागदाचीही नाही, फोनच्या पडद्याची आहे, पण रीत तीच.

एक वृद्धाश्रम होता. दुमजली इमारत, तीस खोल्या, खाली जेवणघर, मागे कपडे वाळत घालायची गच्ची. तीस म्हाताऱ्यांचं उठणं-बसणं, अंघोळी, औषधं, चादरी बदलणं हे सगळं चार बायका सांभाळत. त्या चौघींनाही सगळे मावशीच म्हणत, त्यामुळे सर्वांत जुनी होती तिला थोरली मावशी असं नाव पडलं. एकोणीस वर्षं ती तिथं होती. घरी नवरा कंबर धरून बसलेला, त्यामुळे घर तिच्याच पगारावर चालायचं. बोलायला कमी आणि बघायला पक्की अशी ती बाई होती. कुणाची पावलं आज जड पडतायत, हे तिला जिन्याखालून कळायचं.

पूर्वी जेवणघराच्या दाराशी एक जाड नोंदवही असायची. दिवस संपला की मावश्या तीत मनाला येईल तसं लिहायच्या. ‘चार नंबरच्या आजींनी आज पोळी तशीच ठेवली, दाढ धरून बसल्या होत्या.’ ‘अकरा नंबरचे आजोबा मुलाचा फोन आला नाही म्हणून रुसलेत.’ अक्षर गिचमिड, शुद्धलेखनाच्या नावानं आनंद, पण पंधरवड्याला येणाऱ्या डॉक्टरबाई आधी ती वही चाळायच्या आणि मगच वर जायच्या.

मग नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. हिशेबी, वेळेचा पक्का, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे नियम होता, म्हणून रहिवासी पाठीमागे त्यांना नियमसाहेब म्हणत. बहुतेकांची मुलं परदेशात होती, काहींच्या सुना तर दुसऱ्याच भाषेच्या. त्या सर्वांना रोजची खबर मिळावी म्हणून नियमसाहेबांनी एक ॲप आणलं. जाण्याआधी प्रत्येक मावशीनं आपल्या वाट्याच्या रहिवाशांची नोंद करायची, आणि ती इंग्रजीत करायची. नोंदवही अडगळीच्या खोलीत गेली.

पहिल्याच आठवड्यात थोरल्या मावशीनं चार नंबरच्या आजींबद्दल धीर करून लिहिलं, ‘ग्रँडमदर ईट नो. टूथ क्राय.’ आजींच्या नातवानं परदेशातून हसरे चेहरे पाठवले. नियमसाहेबांनी महिन्याच्या बैठकीत ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे हसले. मावशीही हसली, दुसरं करणार काय. आजींची दाढ दुसऱ्याच दिवशी काढावी लागली होती, ते मात्र कुणी वाचून दाखवलं नाही. त्या दिवसापासून ॲपमधल्या मोकळ्या चौकटीत मावशीनं ‘ओके’पलीकडे मनचं काही लिहिलं नाही.

हे सगळं सात नंबरच्या मास्तरांच्या कानावर गेलं. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, एकच मुलगी, ती लांबच्या देशात. शिकवायला कुणी नाही म्हणून त्यांचा जीव नुसता कोंडला होता. त्यांनी जाहीर केलं, की रोज दुपारी तीन वाजता, बाकीचे झोपलेले असताना, जेवणघरात मावश्यांचा वर्ग भरेल. चौघीजणी भांडी आवरून, हात पुसत येऊन बसायच्या. थोरली मावशी सगळ्यांत पुढे, शंभर पानी वही घेऊन. मास्तरांनी तिचं नावच पाडलं, पहिला बाक.

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. व्याकरण त्यांनी बाजूलाच ठेवलं. म्हणाले, इंग्रजीत शब्द एकटे राहत नाहीत, जोडीनं नांदतात. आपण अंघोळ करतो, ते अंघोळ घेतात, टेक अ बाथ. आपण चूक करतो, ते चूक बनवतात, मेक अ मिस्टेक. आपला पाऊस मुसळधार, त्यांचा पाऊस जड, हेवी रेन. आपला चहा कडक, त्यांचा चहा ताकदवान, स्ट्राँग टी. धाकट्या मावशीनं विचारलं, असं का? तर मास्तर म्हणाले, “अमक्याची बायको तमकीच का, असं विचारतं का कुणी? जुळलंय, नांदतंय. आपण फक्त जोडी मोडायची नाही.” मग हसून म्हणाले, की तुमच्याही तोंडात जोड्या आहेतच, डोळा लागतो, जीव लागतो, ठेच लागते, ते तुम्हाला कुठं कुणी शिकवलं?

रोज पाच जोड्या आणि प्रत्येक जोडीची दोन वाक्यं. ‘ही टुक अ बाथ.’ ‘शी टुक हर मेडिसिन ऑन टाइम.’ ‘ही हॅड अ लाइट लंच.’ मावशी बसमध्ये उभ्या उभ्या ओठ हलवत राहायची. पन्नाशी ओलांडल्यावर तिला पुन्हा शाळेत गेल्यासारखं वाटत होतं, आणि मास्तर कधी कुणाला हसत नसत. चुकलं तर टकटक करून टेबल वाजवायचे आणि एकच सांगायचे, “खात्री नसेल तर गप्प बसावं. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं.” हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं पोरांना सांगितलं होतं, त्यामुळे ते आपसूकच तोंडात यायचं.

महिनाभरात मास्तरांनी निवडक चाळीस जोड्यांची यादी केली. तिरकं, देखणं अक्षर, शेजारी अर्थ. नियमसाहेब ती बघून इतके खूश झाले, की तिला प्लास्टिक चढवून ॲपचा फोन असलेल्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली आणि रोज लागणाऱ्या बावीस जोड्या ॲपमध्येच घालून घेतल्या. आता लिहायचीही कटकट नको, नुसतं बोट लावायचं. गुड अपेटाइट. साउंड स्लीप. रेग्युलर वॉक. नो कम्प्लेंट्स. काम झटक्यात व्हायला लागलं. नियमसाहेब खूश, परदेशातली मुलं खूश. डॉक्टरबाईंनाही सोयीचं झालं, तक्रारीची लाल खूण असेल तेवढंच उघडून बघायचं आणि तेवढ्यांनाच भेटायचं.

ज्या दिवशी वरच्या मजल्यावरचे पडदे धुवायला काढले त्या दिवशीची गोष्ट. मास्तर खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि उठताना उघड्या कपाटाच्या दाराचा कोपरा त्यांच्या डोक्याला लागला. चांगला ठण्णकन आवाज झाला. मावशी धावली, ओलं फडकं धरलं. रक्त नव्हतं, जरासं टेंगूळ. मास्तर म्हणाले, चाळीस वर्षं पोरांनी हे डोकं खाल्लंय, ते दाराला काय घाबरणार. आणि हे कुठं टाकू नकोस, नाहीतर मुलगी तिकडे घाबरी होईल. मावशीनं संध्याकाळी नो कम्प्लेंट्सला बोट लावलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिला जाणवायला लागलं. मास्तर चहाचा कप डाव्या हातानं धरू लागले. उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि ते तसेच चार पावलं पुढं जायचे. सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नसे, त्यांच्या उशाशी कोऱ्या कोड्यांचे तीन पेपर साठले. दुपारी हाक मारावी तर मास्तर झोपलेले. सकाळीही खुर्चीतच मान टाकून झोपलेले. ताटातलं मात्र सगळं संपवायचे, सावकाश, डाव्या हातानं, कुठं तरी बघत.

वर्गातही काही तरी चुकत होतं. एके दिवशी मास्तर म्हणाले, “मेक अ बाथ.” मावशीनं वहीत पाहिलं. वहीत टेक होतं. तिनं मान वर केली, पण मास्तर तिच्याकडेच बघत होते, आणि ते पुन्हा म्हणाले, मेक अ बाथ. तिला वाटलं, आपणच तेव्हा चुकीचं उतरवलं असेल. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं वहीतला टेक खोडला आणि वर मेक लिहिलं. दोन दिवसांनी मास्तरांचा पाऊस स्ट्राँग झाला आणि चहा हेवी. धाकटीला हसू फुटलं. थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं आणि वहीत तेही खोडलं. मास्तर चुकतील, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. चुकायचं ते तिच्यासारखीनं.

पण जीवाला चैन पडेना. एका दुपारी ती नियमसाहेबांच्या केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मास्तरांचं काही तरी बिनसलंय. साहेबांनी विचारलं, नेमकं काय? ताप आहे? पडले? जेवत नाहीत? तिन्ही प्रश्नांना तिनं नाही म्हटलं. ते पहिले मास्तर राहिले नाहीत, एवढंच तिला सांगता आलं. साहेब कंटाळले होते. त्यांच्यापुढे गळक्या टाकीची तीन पत्रं होती, आणि सकाळपासून फोन चालूच होता. ते म्हणाले, असं मोघम सांगून कसं चालेल, मावशी, जे असेल ते ॲपमध्ये टाका, डॉक्टर ॲप बघतात.

पावणेसहाला ती फोनसमोर उभी राहिली. नऊ जणांच्या नोंदी झाल्या, मास्तर उरले. तिनं बावीस जोड्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. भिंतीवरच्या चाळीस वाचल्या. चप्पल निसटण्याची जोडी नव्हती. कोऱ्या शब्दकोड्याची नव्हती. डोळ्यांत ओळख आहे पण माणूस जागेवर नाही, याला इंग्रजीत काय नांदतं, ते मास्तरांनी शिकवलंच नव्हतं. खाली मोकळी चौकट होती. तिच्यात बारीक रेघ लुकलुकत होती, लिही, लिही म्हणून. मावशीला बैठकीतलं हसू आठवलं. खात्री नसेल तर गप्प बसावं. बसला दहा मिनिटं उरली होती, टाचा ठणकत होत्या. जेवले तर सगळं होते. झोपले तर गाढ होते. तिनं गुड अपेटाइटला बोट लावलं, साउंड स्लीपला बोट लावलं आणि पदर खोचून ती बसथांब्याकडे पळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला जाताना मास्तर व्हरांड्यात कोसळले. उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द नाही. इस्पितळात डोक्याचं चित्र काढलं. कवटीच्या आत रक्त साकळून मेंदूवर दाबत होतं. त्याच दिवशी कवटीला भोक पाडून ते काढावं लागलं. मास्तर वाचले. हात आणि वाचा किती परत येईल, ते कुणी सांगेना.

चार दिवसांनी नियमसाहेबांच्या केबिनमध्ये चौघं बसली होती. म्हणजे तिघं बसली होती आणि मावशी उभी होती. मास्तरांची मुलगी दोन विमानं बदलून आलेली, डोळे लाल, हातात फोन. डॉक्टरबाई इस्पितळातून तशाच आलेल्या. टेबलावर एक पाकीट होतं. त्यात काय आहे हे मावशीला ठाऊक होतं, सकाळीच कारकुनानं सांगितलं होतं. निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी. एकोणीस वर्षं त्या एका पाकिटात मावली होती.

मुलीनं फोनवरून वाचायला सुरुवात केली. एकवीस दिवस, रोज तीच ओळ. गुड अपेटाइट, साउंड स्लीप. ती म्हणाली, सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी मी हे वाचत होते. बाबांना झोप लागतेय, जेवण जातंय, म्हणून मी निर्धास्त होते. पुढं तिला वाचवेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, की हे रक्त एका दिवसाचं नाही, दोन-तीन आठवडे थेंब थेंब साठलंय. इतक्या दिवसांत कुणालाच काही दिसलं नाही, असं होणार नाही.

नियमसाहेबांनी मावशीला विचारलं, बोला, काय म्हणायचंय? तिनं ओठ हलवले, पण त्या केबिनमध्ये तिला एकदम इंग्रजीच आठवायला लागलं होतं, आणि तेही मोडकं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची मागं सरकवली. उठून तिच्याजवळ गेल्या आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. म्हणाल्या, “मावशी, ॲप सोडा, इंग्रजी सोडा. वहीत लिहायचात ना, तसं सांगा. काय काय दिसलं तुम्हाला?”

आणि मावशी बोलायला लागली. पडदे धुतले त्या दिवसापासून. कपाटाचं दार, त्याचा आवाज, टेंगूळ कुठल्या बाजूला, ओलं फडकं. चहाचा कप कधी डाव्या हातात गेला, तो गुरुवार होता, कारण गुरुवारी चादरी बदलतात. चप्पल पहिल्यांदा कुठल्या पायरीवर निसटली. किती पेपर कोरे राहिले. सकाळची झोप कधी लागायला लागली आणि ती दिवसागणिक कशी वाढत गेली. मास्तरांच्या जोड्या कशा उलट्यापालट्या व्हायला लागल्या. आपण टेक कसा खोडला, हे सांगताना तिनं पिशवीतून वही काढली आणि ते पान टेबलावर उघडून ठेवलं. पाव तास ती बोलत होती. डॉक्टरबाई पाकिटाच्याच पाठीवर लिहून घेत होत्या, कारण हाताशी दुसरा कागद नव्हता.

लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “आजार पुस्तकात जसा लिहिलाय, अगदी तसा सांगितलात तुम्ही. यातली एक ओळ मला कुठल्याही भाषेत मिळाली असती, तर मी त्याच दिवशी धावत आले असते.” मग म्हणाल्या, की लाल खूण नसली की मीही आत उघडून बघत नव्हते, तेव्हा हे पाकीट द्यायचंच असेल तर एक माझ्याही नावाचं करा.

मुलगी मावशीकडे बघत राहिली होती. तिच्या आवाजात आता राग नव्हता, नुसता थकवा होता. “एवढं सगळं दिसत होतं तुम्हाला. मग लिहिलं का नाहीत?”

“यादीत नव्हतं, ताई,” मावशी म्हणाली.

केवढी साधी गोष्ट होती! तीस खोल्यांत जे एका बाईला लख्ख दिसत होतं, ते बावीस जोड्यांच्या गाळणीतून खाली उतरलंच नाही. खोटं कुणी लिहिलं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. शब्द सगळे बरोबर होते आणि इंग्रजी अगदी शुद्ध होतं.

नियमसाहेब एकदम विरघळले, असं मी सांगणार नाही. माणसं तशी विरघळत नसतात. ते म्हणाले, नियम सगळ्यांच्या सोयीसाठी होता. म्हणाले, ती माझ्याकडे आली होती हे खरं, पण मोघम बोलली. मग त्यांना बहुधा स्वतःचाच आवाज ऐकू आला, कारण ते थांबले आणि पाकीट खणात टाकून म्हणाले, मास्तर घरी येईपर्यंत काही ठरवायला नको. मावशी त्या दिवशीही नऊ जणांच्या नोंदी करूनच घरी गेली. पुढचे तीन आठवडे ती रोज कामावर येताना मनात धरून यायची, की आज खण उघडेल.

मास्तर आले ते चाकाच्या खुर्चीतून. डोकं भादरलेलं, उजवा हात मांडीवर ठेवलेला. शब्द यायचे, पण एकेक करून, अंधारात जिना उतरावा तसे चाचपडत. मुलीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी नियमसाहेबांना बोलावून घेतलं आणि डाव्या हातानं भिंतीकडे खूण केली. यादी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांनी स्वतःच्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं.

“हिला... काढणार तुम्ही?” त्यांनी विचारलं.

नियमसाहेबांचा हात खिशातल्या पेनांकडे गेला.

“माझी सगळ्यांत... हुशार विद्यार्थिनी. मी शिकवलं, तेच केलं तिनं.” मास्तर दमले. मुलीनं पाणी पुढं केलं, ते त्यांनी हातानंच दूर सारलं. “चाळीस वर्षं सांगितलं पोरांना. चुकीचं बोलण्यापेक्षा... गप्प बसा. किती पोरं गप्प बसवली असतील मी. काय काय सांगायचं असेल त्यांना. काढायचंच तर... मला काढा.”

मावशी दाराशी उभी होती. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

त्या दिवशी नियमसाहेब स्वतः अडगळीच्या खोलीत गेले. नोंदवही धूळ झटकून आणली आणि जेवणघराच्या दाराशी होती तिथं ठेवली. ठरलं ते असं, की मावश्यांनी वहीत लिहायचं, आपल्या भाषेत, जसं सुचेल तसं. इंग्रजीत घालायचं काम ऑफिसचं, कारण तिथं पंख्याखाली बसायला खुर्ची आहे आणि सहाची बस गाठायची नाही. हे इतक्या झटपट ठरलं, त्यात मुलीनं संस्थेच्या विश्वस्तांना लिहिलेल्या पत्राचाही हात होता, ते लपवत नाही. पण आठ दिवसांनी वहीत एक नवंच अक्षर दिसलं, सरळ, ठाशीव, दोन पेनांतल्या निळ्या पेनाचं. ‘खालच्या न्हाणीघरात नळाखाली शेवाळ धरलंय. चार नंबरच्या आजी तिथं भिंत धरून चालतात. भीती वाटते.’ खाली नियमसाहेबांची सही होती. भीती वाटते, असं त्या माणसानं आयुष्यात प्रथमच कुठं लिहिलं असावं. पाकीट त्यांनी डॉक्टरबाईंना देऊन टाकलं, पाठीवरच्या नोंदींसाठी.

म्हणजे इंग्रजी वाईट, असं कुणी समजू नये. वर्ग पुन्हा सुरू झाला, तीनलाच, फक्त आता मास्तर ऐकायला बसतात आणि पहिला बाक शिकवतो. वाचेला व्यायाम म्हणून डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. मावशी यादी धरते आणि अर्धी जोडी म्हणते, उरलेली मास्तरांनी पुरी करायची. हेवी म्हटलं की रेन. स्ट्राँग म्हटलं की टी. कधी जुळतं, कधी मास्तर भलतंच बोलतात आणि स्वतःवर चिडतात. मग ती टेबल वाजवत नाही. म्हणते, चुकू दे हो मास्तर, बोला तर खरं.

वाचकहो, तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत अशी एखादी थोरली मावशी असेलच. जिन्याखालून पावलं ओळखणारी, आणि कागद समोर आला की गप्प होणारी. तिच्या चुकीच्या इंग्रजीला आपण एकदा हसलो, म्हणून ती गप्प आहे. तिला जे दिसतं ते तिच्या भाषेत सांगू द्या आणि ते समजून घ्यायचे कष्ट तुम्ही घ्या. मोडक्या शब्दांतलं खरं वेळेवर कानी पडलं, तर एखादा माणूस हातापायांनिशी शाबूत राहतो. मास्तर आता काठी टेकत चालतात, पण त्यांचा उजवा हात काही पूर्ण परत आला नाही. शब्दकोडं आता मुलगी फोनवरून वाचते, मास्तर उत्तर शोधतात आणि मावशी घरं भरते.

कालची नोंद मी स्वतः पाहिली आहे, गिचमिड अक्षरातली. ‘सात नंबर मास्तर. उजव्या हातानं चमचा तीनदा उचलला, दोनदा सांडला. चिडले, जेवण अर्धं टाकलं. दुपारी झोप नाही, खिडकीत बसून होते. चारला मला म्हणाले, टेक अ बाथ. बरोबर म्हणाले. मी माझ्या वहीत मेक खोडून परत टेक केलं. चप्पल आज निसटली नाही, पण मी मागनं बघत होते.’

नोंद लांबली, त्यामुळे काल तिची सहाची बस चुकली.